संधिवात, गोड गोळ्या आणि माझी एक चूक

(गतवर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. अनेकांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठमोठे वक्ते येतात. त्या मानाने मी अगदी साधा माणूस. म्हणून सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेच्या पी-वे खात्यात लागलेला माणूस आहे. रूळ, स्लीपर आणि खडी हा माझा विषय. आज बोलणार आहे ते सांध्यांच्या एका आजाराविषयी आणि त्यावर आपण घेतो त्या होमिओपॅथीच्या गोड गोळ्यांविषयी. जे सांगेन ते घरात भोगलेले आहे, आणि त्यानंतर वाचून, डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतलेले आहे. तरीही माझे ऐकून कोणी औषध सुरू करू नये आणि बंद तर मुळीच करू नये. का ते पुढे कळेलच.

हा विषय निघाला तो मोदकांवरून. नैवेद्याच्या मोदकांची वाटणी करताना समितीच्या ताईंनी आमच्या घरी फोन केला. "वहिनी, तुमच्या हाताच्या कळ्या फार सुरेख पडतात असं ऐकलंय. यंदा एकवीस मोदक तुमच्याकडे," असे त्या म्हणाल्या. आमच्या सौ. क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पूर्वी पडायच्या. आता बोटं वळत नाहीत हो." त्या फोनवरून बोलणे वाढले आणि शेवटी ताई म्हणाल्या, "भाऊ, हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगा." सौ.ची परवानगी घेऊनच मी इथे उभा आहे. त्या समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझे काही चुकले तर तिथूनच खूण होईल!

२०१७ च्या जुलैमधली गोष्ट. बेंगळुरूचा पावसाळा म्हणजे गारवा आणि भुरभुर. सकाळी उठल्यावर सौ.ची बोटे आखडलेली असत. दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नसे, पाण्याने भरलेला तांब्या उचलवत नसे. दहा-साडेदहापर्यंत हात मोकळे होत. आम्ही म्हटले, थंडीचे असेल. मग वाटले, चिकुनगुन्या असेल. २००६ साली कर्नाटकात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती आणि त्यानंतर महिनोन् महिने सांधे धरलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली होती. तेल चोळले, शेक दिला, दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. यात तीन महिने गेले. ऑक्टोबरमध्ये रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदान निघाले, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे कोणी याला आमवात म्हणते, कोणी नुसते संधिवात.

इथे एक फरक नीट समजून घेऊ या. वयपरत्वे गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. तो सहसा उतारवयात येतो, चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर बरे वाटते. ऱ्हुमॅटॉइडमध्ये आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. हा आजार तिशी-चाळिशीतही येतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट जास्त होतो. तो बहुधा बोटांच्या मुळाचे व मधले सांधे, मनगटे, पायाचे पंजे अशा लहान सांध्यांपासून सुरू होतो आणि साधारणपणे दोन्ही बाजूंना सारखा येतो. सकाळचा ताठरपणा अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त टिकतो. सांधे नुसते दुखत नाहीत, सुजतात. सोबत थकवा, बारीक कणकण आणि भूक मंदावणे हेही असते. वेळेवर आवरला नाही तर हाड कुरतडले जाते. पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

हा आजार वाटतो तितका दुर्मिळ नाही. आपल्यापैकी जे सोलापूरकडचे आहेत, त्यांना पुण्याला जाताना दौंडच्या आधी लागणारे भिगवण स्टेशन माहीत असेल. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात ते भिगवण. या गावात पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने अशा पाहण्या निरनिराळ्या देशांत झाल्या, त्यांतलीच ही एक. तिथे दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला ऱ्हुमॅटॉइड आढळला. या सभागृहात आज दोन-अडीचशे मंडळी आहेत. हिशेब आपणच करावा.

आता आमच्या घराकडे येतो. मोठ्या इस्पितळातल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांनी हात तपासले, रिपोर्ट पाहिले आणि मेथोट्रेक्सेट नावाचे औषध लिहून दिले. आठवड्यातून एकदाच घ्यायचे. सोबत दुसऱ्या दिवशी घ्यायला फोलिक अ‍ॅसिड. दर काही आठवड्यांनी रक्ताची आणि यकृताची तपासणी. त्यांनी जे केले ते अगदी योग्य होते, हे आज मला कळते. पण बाहेर पन्नास रुग्ण बसले होते. आम्हाला सहा-सात मिनिटे मिळाली. बोलणे इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. सौ.चे माहेर सांगलीकडचे. कन्नड भाजीबाजारापुरते येते, इंग्रजी वाचता येते पण बोलताना अडखळते. डॉक्टरांनी विचारले, "पेन हेगिदे?" सौ. म्हणाल्या, "जास्ती इदे." झाले. ठणका, सणक, कळ, रग, ठसठस, आखडणे हे सगळे मराठीतच राहिले.

घरी आल्यावर मी औषधाच्या नावाची चौकशी केली. शेजाऱ्यांनी सांगितले, "अहो, हे तर कॅन्सरचं औषध!" घरात रडारड झाली. खरे म्हणजे कॅन्सरसाठी ते फार मोठ्या प्रमाणात देतात. संधिवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, म्हणजे कितीतरी कमी. आणखी एक गोष्ट तेव्हा माहीत असती तर सौ.ला मी अभिमानाने सांगितली असती. या औषधामागे एक भारतीय माणूस आहे. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. मद्रासमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले. तिथल्या लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या पथकाने १९४५ च्या सुमारास फोलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या तयार केले आणि पुढे त्याच्या विरुद्ध काम करणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधेही तयार केली. म्हणजे आमच्या घरातल्या दोन्ही गोळ्या एकाच भारतीयाच्या प्रयोगशाळेतून आलेल्या. सुब्बाराव १९४८ मध्ये वारले. संधिवातासाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये, चाळीस वर्षांनी.

भीत भीत का होईना, नोव्हेंबरमध्ये मेथोट्रेक्सेट सुरू झाले. त्यानंतर पंधरा दिवसांत एका नातेवाइकांनी होमिओपॅथीच्या एका डॉक्टरांचे नाव सुचवले. मूळचे बेळगावचे, मराठी बोलणारे. त्या पहिल्या भेटीचे वर्णन केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

त्यांनी सव्वा तास दिला. दुखणे कुठे ते तर विचारलेच, पण कसे दुखते तेही विचारले. हालचाल सुरू केली की मोकळे होते की वाढते? गार पाण्याने की गरम पाण्याने? पावसात काय होते? झोप लागते का, स्वप्ने कसली पडतात, राग आला की बोलता की गिळता? घर सोडून इकडे आल्यावर काय वाटले? सौ. बोलत होत्या आणि मी बाजूला बसून ऐकत होतो. लग्नाला बारा वर्षे झाली होती. त्यातल्या निम्म्या गोष्टी मी पहिल्यांदा ऐकल्या. वडील गेले तेव्हा गाडीचे तिकीट मिळाले नाही आणि शेवटचे दर्शन झाले नाही. रेल्वेवाल्याच्या बायकोला तिकीट मिळू नये, हे तिच्या मनात किती खोल रुतले होते ते मला त्या दिवशी कळले. त्या रडल्या. डॉक्टर थांबले, पाणी दिले, मग पुन्हा विचारत राहिले. शेवटी ऱ्हस टॉक्सच्या गोळ्या दिल्या. ज्याचे सांधे सुरुवातीला आखडतात आणि हालचालीने मोकळे होतात त्याला ऱ्हस टॉक्स, ज्याला जराही हालचाल सोसत नाही त्याला ब्रायोनिया, असे त्यांच्या शास्त्रात आहे.

परत येताना रिक्षात सौ. म्हणाल्या, "अहो, निम्मं दुखणं तिथंच उतरलं बघा." हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला पुढे त्याकडे परत यायचे आहे.

होमिओपॅथी आपल्याला परकी कधी वाटलीच नाही. जर्मनीचे डॉ. हानेमान यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ती मांडली. महाराजा रणजितसिंहांवर १८३९ मध्ये लाहोरला या पद्धतीचे उपचार झाले होते. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार हे अ‍ॅलोपॅथीचे नामांकित डॉक्टर. ते आधी कट्टर विरोधक होते, पण १८६७ मध्ये त्यांनी होमिओपॅथी जाहीरपणे स्वीकारली. याच सरकारांनी १८७६ मध्ये विज्ञानाची जी संस्था काढली, तिथे पुढे सी. व्ही. रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध लावला. आपल्या कर्नाटकातच मंगळूरला फादर म्युलर या जेसुइट धर्मगुरूंनी १८८० मध्ये कंकनाडीला झाडाखाली बसून होमिओपॅथीची औषधे वाटायला सुरुवात केली. आज तिथे मोठे इस्पितळ आहे, आधुनिक वैद्यकाचे कॉलेज आहे आणि होमिओपॅथीचेही आहे. म्हणजे आपल्या लोकांनी होमिओपॅथीला आपले मानले ते काही उगाच नाही. स्वस्त औषध, गोड गोळी आणि वेळ देणारा डॉक्टर.

असो. फेब्रुवारी २०१८ उजाडेपर्यंत सौ.चा सकाळचा ताठरपणा जवळजवळ गेला. सूज उतरली. संक्रांतीला त्यांनी स्वतः तिळाच्या वड्या थापल्या. घरात आनंदीआनंद. आणि इथे मी ती चूक केली.

मी म्हटले, "गोड गोळ्यांनी गुण आला. आता ते कॅन्सरचं औषध कशाला पोटात घालायचं? बंद करू या." सौ. साशंक होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारू या का?" मी म्हटले, "ते बंद करा म्हणणार आहेत का? त्यांचं दुकान आहे ते." हे माझे शब्द. आज उच्चारतानाही लाज वाटते. मार्च २०१८ पासून मेथोट्रेक्सेट बंद केले. मोठ्या डॉक्टरांकडे जाणे सोडले. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाही हे सांगितले नाही. ते दर वेळी विचारत, "बाकीची औषधं चालू आहेत ना?" आणि मी मान डोलवत असे.

चार-पाच महिने बरे गेले. मग दिवाळीच्या सुमाराला दुखणे परत डोके वर काढू लागले. आम्ही गोळ्यांची ताकद बदलून घेतली. डिसेंबरात तर एक सकाळ अशी आली की सौ.ना अंथरुणातून स्वतःहून उठता येईना. मुलीने वेणी घालून दिली. जानेवारी २०१९ मध्ये एक्स-रे काढला. उजव्या मनगटाचे आणि दोन बोटांच्या मुळाचे हाड कुरतडलेले दिसले. जे हाड गेले ते गेले. औषध पुन्हा सुरू झाले, जोडीला आणखी एक द्यावे लागले, आणि आज आजार आटोक्यात आहे. पण ती दोन बोटे करंगळीकडे कलली ती कललीच. मोदकाची कळी चिमटीत धरून ओढायला जी पकड लागते, ती परत आली नाही.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांना सगळे सांगितले तेव्हा ते हळहळले. म्हणाले, "मी कधी बंद करायला सांगितलं होतं का? मला खरं सांगितलं असतंत तर त्याच दिवशी तुम्हाला परत पाठवलं असतं." खरे होते. चूक त्यांची नव्हती, इस्पितळाचीही नव्हती. ती माझी होती.

मित्रांनो, आमच्या खात्यात रूळ वरून चकचकीत दिसतो, पण आत बारीक भेग असू शकते. म्हणून आपण अल्ट्रासोनिक यंत्र फिरवून रूळ तपासतो. भेग सापडली की वेगमर्यादेचा बोर्ड लावतो आणि मग रूळ बदलतो. नुसता बोर्ड लावून रूळ बदलला नाही तर काय होईल, हे इथल्या कोणत्याही ट्रॅकमनला विचारा. संधिवातात वेदनाशामक गोळी म्हणजे वेगमर्यादेचा बोर्ड. त्याने तेवढी वेळ निभावते. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे मूळ आजार रोखतात, म्हणजे रूळ बदलण्याचे काम करतात. मी रोज हे काम करणारा माणूस. घरात मात्र वरची चकाकी बघून समाधान मानले.

त्यानंतर मी शोध घेतला, की मग फेब्रुवारीत गुण कशाने आला होता? गोड गोळ्यांनी की मेथोट्रेक्सेटने?

आधी वेळेचा हिशेब मांडला. मेथोट्रेक्सेट घेतल्या दिवशी काम करत नाही. गुण दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. आम्ही ते नोव्हेंबरात सुरू केले. बारा आठवडे मोजा, बरोबर फेब्रुवारी येतो. एकाच ब्लॉकमध्ये दोन गँगनी काम केले आणि श्रेय शेवटी आलेल्या गँगने नेले, तसे झाले.

मग गोळ्यांचा हिशेब. आमच्या बाटलीवर ३० सी लिहिले होते. म्हणजे मूळ अर्काचा एक भाग आणि नव्याण्णव भाग पाणी-अल्कोहोल, हे मिश्रण एकदा. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तेच, असे तीस वेळा. एकावर साठ शून्ये इतके ते विरळ होते. आपण रसायनशास्त्रात अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा शिकलो, सहावर तेवीस शून्ये. त्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणूही उरण्याची शक्यता संपते. तिसाव्या पायरीला साखर आणि अल्कोहोलचा अंश याखेरीज काही सापडू नये. होमिओपॅथीचे लोक यावर त्यांचे उत्तर देतात, त्या वादात मी पडत नाही. वाद सोडून रुग्णांवर काय दिसले ते पाहू.

या आजारावर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या आहेत. १९८० मध्ये ग्लासगोला ४६ रुग्णांवर एक चाचणी झाली. सर्वांची नेहमीची सूज उतरवणारी औषधे चालूच होती. निम्म्यांना होमिओपॅथी, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. त्यात होमिओपॅथीच्या बाजूने निकाल आला आणि त्याचा बराच बोलबाला झाला. पण संख्या लहान होती. पुढे २००१ मध्ये ११२ रुग्णांवर सहा महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. करणारे डॉ. पीटर फिशर हे स्वतः लंडनच्या होमिओपॅथिक इस्पितळातले. म्हणजे विरोधक नव्हेत. त्यांना दिखाऊ गोळ्यांहून होमिओपॅथीच्या गोळ्यांनी जास्त गुण आल्याचे दिसले नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापले. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने सर्व आजारांवरचे पुरावे तपासून असाच निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा खात्रीलायक पुरावा कोणत्याही आजारात नाही.

मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांची चाचणी. ती २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. ऱ्हुमॅटॉइडच्या ८३ रुग्णांची नेहमीची औषधे चालू ठेवून त्यांचे पाच गट केले. तीन गटांना होमिओपॅथी डॉक्टरांशी सविस्तर बोलायला मिळाले, दोन गटांना नुसत्या गोळ्या. गोळ्याही काहींना खऱ्या, काहींना दिखाऊ. २४ आठवड्यांनी काय दिसले? ज्यांना सविस्तर बोलायला मिळाले त्यांना जास्त बरे वाटले, मग गोळी खरी असो की दिखाऊ. गोळीने फरक पडला नाही. बोलण्या-ऐकण्याने पडला.

हे वाचले आणि मला रिक्षातले सौ.चे वाक्य आठवले. निम्मं दुखणं तिथंच उतरलं. गोळी तोपर्यंत बाटलीतून बाहेरही आली नव्हती!

म्हणून आज मी इथे होमिओपॅथीची निंदा करायला उभा नाही. सभागृहात त्या शास्त्राचे डॉक्टरही बसले असतील. त्यांच्याकडे जी एक गोष्ट आहे ती मोठ्या इस्पितळाच्या गर्दीत हरवली आहे, आणि आमच्या घरातही हरवली होती. पण त्या ऐकण्याच्या जोरावर सांध्याचे हाड कुरतडायचे थांबत नाही. त्याला औषधच लागते. दुखणे हलके होणे आणि आजार रोखला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला दोन बोटांच्या मोलाने कळले.

आता थोड्या कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली, लहान सांधे सुजून सकाळचा ताठरपणा काही आठवडे टिकला तर वाट पाहू नका. आर. ए. फॅक्टर, अँटी-सी.सी.पी., ई.एस.आर., सी.आर.पी. या रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतात. काही रुग्णांत पहिल्या दोन निगेटिव्ह येऊनही आजार असू शकतो, म्हणून नुसत्या कागदावर विसंबू नका, हात तपासून घ्या. पहिले तीन ते सहा महिने सोन्यासारखे असतात.

दुसरी, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतू शकते आणि माणसे दगावलीही आहेत. आमच्याकडे रविवार ठरलेला आहे. कालनिर्णयवर लाल खूण, आणि गोळी मुलगी काढून देते. या औषधावर असताना दारू वर्ज्य. बाळाचा विचार असेल तर स्त्रियांनी आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही. रक्ततपासणी चुकवू नये. विडी-सिगारेटने हा आजार वाढतो, ती सोडावी.

तिसरी, बरे वाटले की औषध बंद, असे नाही. बरे वाटते ते औषधामुळेच असते. दीर्घकाळ आजार शांत राहिला तर डॉक्टर स्वतः हळूहळू मात्रा कमी करून पाहतात. तो निर्णय त्यांचा.

चौथी, होमिओपॅथी किंवा आयुर्वेद जोडीला घ्यायचे असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे दाखवा. नोंदणी असलेल्या डॉक्टरांकडेच जा. जो म्हणेल "आधी ते बंद करा, मग माझं सुरू करतो", त्याच्या पायऱ्या उतरा. आणि बिनलेबलच्या पुड्या कधीही घेऊ नका. अशा पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आपल्या देशात उघडकीला आले आहेत. चार दिवस चमत्कार वाटतो, पुढे हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट आपल्या मंडळासाठी आहे. आपण नोकरीधंद्यासाठी इथे आलो. कामापुरते कन्नड, ऑफिसपुरते इंग्रजी आपल्याला येते. पण दुखणे माणूस आईच्या भाषेत सांगतो. आपल्यातल्या कित्येक माता, गावाहून आणलेले वृद्ध आई-वडील इस्पितळात "जास्ती इदे" एवढेच बोलून परत येतात. माझी सूचना अशी, की आपल्यापैकी ज्यांना दोन्ही भाषा चांगल्या येतात अशा दहा-बारा जणांची एक यादी मंडळाने करावी. कोणाला मोठ्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर त्यातल्या एकाने सोबत जावे. आदल्या दिवशी घरी बसून तासभर ऐकावे. कधीपासून, कुठे, कसे, काय केल्याने वाढते, हे सगळे कागदावर मुद्देसूद लिहून न्यावे. डॉक्टरांची सात मिनिटेही मग पुरतात. आम्ही हल्ली तसेच करतो. त्या कागदावरूनच डॉक्टरांना सौ.च्या झोपेची तक्रार कळली आणि औषधाची वेळ बदलून ती मिटली. यादीत पहिले नाव माझे लिहावे.

घरापुरते सांगायचे तर रविवारी रात्री गोळी घेतल्यावर अर्धा तास टीव्ही बंद असतो. सौ. बोलतात, मी ऐकतो. सुरुवातीला मला जमत नसे, मध्येच उपाय सांगायचो. आता जमते.

यंदाचे एकवीस मोदक आमच्याच घरून आले आहेत. उकड सौ.नी मळली, गरम पाण्याचा हात लावून, थांबत थांबत. कळ्या मुलीने पाडल्या. पहिले चार-पाच फाटले. सौ. शेजारी बसून सांगत होत्या, "अंगठा आत, दाब हलका." शेवटचे दहा चांगले झाले आहेत. प्रसाद घेताना पाहा.



गणपती बाप्पा मोरया!